आधी प्रश्न, मग मोजणी



संशोधन या विषयावर बोलायला मला उभे केले, याचे माझे मलाच नवल वाटते. माझे शालेय शिक्षण आठवीत थांबले. पुढचे यंत्रमागाच्या खडखडाटात आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. पण संशोधनाची गरज मला एका फजितीने शिकवली. वीसएक वर्षांपूर्वी मजुरीवाढीचे निवेदन घेऊन मी एका अधिकाऱ्यापुढे गेलो. 'शंभरातले नव्वद कामगार कर्जबाजारी आहेत,' असे त्यात ठोकून दिले होते. त्यांनी शांतपणे विचारले, "किती घरी विचारलेत? कोणत्या घरी? आणि कर्ज कशाला म्हणता?" एकाही प्रश्नाचे उत्तर मजजवळ नव्हते. त्या साली मजुरी वाढली नाही.

पुढे वाचनालयात चार्ल्स बूथची हकीकत हाती लागली. बूथ (१८४०–१९१६) हा जहाजांचा मालक, समाजवादाचा विरोधक. त्या काळी लंडनमधल्या दारिद्र्यावरून रान उठले होते. एक पक्ष म्हणे हाहाकार आहे, दुसरा म्हणे हा सारा कांगावा. बूथने १८८६ साली ठरवले, मोजून पाहू. त्याचा प्रश्न सुटसुटीत होता : लंडनमध्ये गरीब किती, ते कसे जगतात, आणि गरीब का आहेत?

प्रश्न ठरल्यावर तो लगेच रस्त्यावर धावला नाही. आधी त्याने जुन्या खानेसुमारीचे आकडे चाळले, तेव्हा धंद्यांची वर्गवारी दर वेळी बदललेली आढळली. म्हणजे तयार माहिती तपासल्याशिवाय घेण्यात अर्थ नव्हता. मग त्याने व्याख्या केली. मध्यम आकाराच्या कुटुंबाला आठवड्याला जेमतेम १८ ते २१ शिलिंग मिळत असतील, तर ते गरीब. ही रेषा चुकीची, असे कोणी म्हणू शकेल; पण ती उघड सांगितली होती म्हणूनच तिच्यावर वाद घालता येतो. माझ्या निवेदनात वाद घालण्याजोगेही काही नव्हते.

आता विचारायचे कोणाला? शाळा-मंडळाचे तपासनीस मुलांच्या हजेरीसाठी घरोघर फिरत. त्यांना गल्लीगल्ली ठाऊक होती. बूथ आणि त्याचे सहकारी त्यांच्यापुढे वह्या घेऊन बसले. यात एक उणीव होती : ज्या घरांत शाळेच्या वयाची मुले नव्हती, त्यांची माहिती अंदाजाने भरावी लागली. बूथने ती लपवली नाही. शिवाय पडताळा म्हणून तो स्वतः गरीब वस्तीत भाडेकरू होऊन काही आठवडे राहिला. प्रथम टॉवर हॅम्लेट्स हा एकच भाग घेऊन १८८७ साली त्याने आपले निष्कर्ष जाणकारांपुढे वाचले, टीका ऐकली, आणि मगच काम वाढवले. कुटुंबागणिक नोंद सबंध शहराला झेपेना, तेव्हा उरलेल्या लंडनसाठी रस्त्यागणिक नोंद केली. काम संपायला १९०३ साल उजाडले. ग्रंथ भरले १७.

निष्कर्ष काय? पूर्व लंडनमध्ये शंभरी ३५, साऱ्या लंडनमध्ये ३०.७ माणसे गरीब. आणि कारणे? सुमारे ४,००० गरीब कुटुंबप्रमुखांची छाननी केली, तेव्हा दारू व उधळेपणा यांचा वाटा शंभरी १३-१४ निघाला. निम्म्याहून अधिक ठिकाणी कारण होते तुटपुंजी मजुरी आणि बेभरवशाचे काम. गरीब आपल्या व्यसनांनी गरीब होतो, ही समजूत एका धनिकाच्याच वह्यांनी खोटी पाडली.

म्हणून बूथला देव मानू नये. त्याच्या नकाशात सर्वांत खालच्या वस्त्यांना काळा रंग आहे आणि त्याखाली 'दुराचारी' असा शिक्का आहे. हे मोजमाप नव्हे, हा मत्सर. अतिगरिबांना वेगळ्या वसाहतींत हलवावे, हा त्याचा उपायही कठोरच. मात्र वृद्धांना निवृत्तिवेतन द्यावे म्हणून तो झटला, आणि १९०८ साली तसा कायदा झाला. संशोधकाची माहिती आणि त्याचा सल्ला या दोन गोष्टी वाचकाने वेगळ्या तोलाव्यात.

आपल्याकडेही अशी मोजणी झाली. १९२१-२२ साली मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने कामगार कुटुंबांचे जमाखर्च तपासले. १९२३ च्या अहवालात निघाले की, मुंबईच्या कामगाराचे अन्न तुरुंगाच्या नियमपुस्तकातल्या शिध्याहूनही कमी आहे. सरकारच्याच कचेरीने सरकारच्याच तुरुंगाशी केलेली ही तुलना कोणाला कांगावा म्हणून झटकता येईना.

फजितीनंतर दोन वर्षांनी आम्ही पुन्हा पाहणी केली. सभासदांच्या यादीतले दर पाचवे नाव घेतले. आधी दहा घरी प्रश्न विचारून पाहिले. 'कर्ज आहे का?' म्हटले की माणूस मान खाली घालतो, हे तिथे कळले. म्हणून 'वाण्याची उधारी किती? दागिना गहाण आहे का?' असे विचारू लागलो. ज्यांनी उत्तर दिले नाही, त्यांचीही संख्या लिहिली. हिशेब केला तेव्हा कर्जबाजारी शंभरी ६२ भरले. आमच्यातले काही नाराज झाले. म्हणाले, नव्वदच लिहा. मी बासष्टच लिहिले. या खेपेस त्याच तीन प्रश्नांची उत्तरे आमच्या कागदावर होती, आणि बोलणी मजुरीवर आली.