कार्तिकीची जिलबी

परवा नातवाने विचारलं, "आबा, तुमच्या लहानपणी फूड फेस्टिवल असायचे का हो?" मी म्हटलं, असायचे की. शिवाय त्यात बैल, म्हशी आणि घोडीसुद्धा असायची. त्याला वाटलं मी गंमत करतोय. म्हणून आज हे लिहायला बसलो.

पंढरपूरची कार्तिकी सगळ्यांना ठाऊक आहे ती विठोबाची. आम्हा सांगोला तालुक्यातल्या शेतकऱ्यांच्या पोरांना मात्र ती जनावरांच्या बाजाराचीही होती. गाव ते पंढरपूर अंतर पंधरा-सोळा मैल. आदल्या रात्री गाडी जुंपायची, गाडीत घोंगडी अंथरायची आणि मागे विकायची जनावरं बांधायची. थंडी नुकती सुरू झालेली असायची. पहाटे दुरून घुंगरांचा आवाज कानावर आला की समजायचं, बाजार जवळ आला.

हा बाजार कार्तिकातच का, हे मला पुढे मास्तर झाल्यावर उमगलं. आश्विन-कार्तिक म्हणजे शरद ऋतू. पाऊस थांबलेला, गाडीवाटा वाळलेल्या, ओढ्यांना पाणी आणि माळाला थोडा चारा, म्हणजे जनावरं लांबून चालवत आणता येतात. खरिपाचे चार पैसे हातात आलेले. आमच्याकडची खरी पेरणी रब्बी ज्वारीची. तीही उरकलेली, त्यामुळे बैल मोकळे. आणि याच सुमाराला उसाचा हंगाम सुरू होतो. १९५० साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, पुढे असे कारखाने वाढत गेले, तशी ऊसगाडीला बैल हवे असणारी गिऱ्हाइकंही वाढली. विकणारा, घेणारा आणि वारकरी एकाच आठवड्यात एकाच गावी! पंचांग करणाऱ्यांना बाजारपेठ कळत होती की बाजाराने पंचांग धरलं, देव जाणे.

बाजाराचा राजा खिल्लार. खिल्लार म्हणजे मुळात गुरांचा कळप, त्यावरूनच जातीला नाव पडलं. माणदेशातला आटपाडी महाल पूर्वी औंध संस्थानात होता, आणि तिथल्या खिल्लाराला अजूनही 'आटपाडी महाल' म्हणूनच ओळखतात. पांढरी कातडी, मागे वळलेली लांब शिंगं, चपळ पाय आणि जरा तापट स्वभाव. आमच्या आण्णांनी (म्हणजे वडिलांनी) मला जनावराचं वय दातांवरून ओळखायला शिकवलं. दुधाचे दात असले तर आदत, मग दोन दाती, चार दाती, सहा दाती, आणि आठही आले की जुळला. साधारण पाचव्या वर्षी बैल जुळतो. भाव मात्र तोंडाने सांगायचा नाही! दलाल हातावर उपरणं टाकायचा आणि त्याखाली बोटं दाबून आकडे ठरायचे. सौदा जुळला की विसार द्यायचा, पावती करायची आणि बैलाच्या पाठीवर गुलाल.

आता खाण्याविषयी. एकादशीला उपास, पण 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण काही उगाच पडलेली नाही. उकडलेली रताळी, भाजलेले शेंगदाणे, भगर, राजगिऱ्याचे लाडू. खरी मजा द्वादशीची. आमच्या आजीचा चातुर्मास त्या दिवशी सुटायचा आणि चार महिने बंद असलेले कांदा-वांगं घरात यायचे. बाजारात कढया चढलेल्याच असत. कांदाभजी, शेव-चुरमुरे, गोडी शेव आणि वर्तमानपत्राच्या पुड्यात बांधलेली गरम जिलबी. आण्णांचा नेम होता, सौदा होवो न होवो, पाव किलो जिलबी घ्यायचीच. बाजाराहून मोकळ्या हाताने घरी जायचं नाही.

आता १९७२. पाऊस आधीच दोन वर्षं ओढ देत होता, त्या वर्षी तर त्याने तोंडच फिरवलं. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिथे सुकडी मिळायची. रेशनवर मिलो. कडबा विकत घेणं आमच्या आवाक्याबाहेर. आण्णांनी कार्तिकीला जोडी काढायची ठरवलं आणि मला सोबत नेलं.

त्या वर्षी बाजारात जनावरं अमाप आणि घेणारे थोडे. आदल्या वर्षी ज्या जोडीला पंधराशे मागितले होते, तिला कोणी सातशेच्या वर जाईना. सातशे देणारा होता तो खाटकाचा दलाल. माळशिरसकडचा कालव्याखालचा एक बागाईतदार साडेसहाशे म्हणाला. आण्णांनी बागाईतदाराला दिली. मी शिकलेला! तिथेच त्यांना म्हटलं, "पन्नास रुपये पाण्यात घातले तुम्ही. तो तरी पुढे कुणाला विकेल, काय भरवसा?" ते एवढंच म्हणाले, "हिशेब तुझा बरोबर आहे." घुंगरमाळा आणि दावी त्यांनी काढून घेतली. आमच्याकडे जनावरासोबत दावं देत नसत. मग ते जिलबीच्या दुकानासमोर जाऊन उभे राहिले.

मी रागाने जिलबीला हात लावला नाही. त्यांनीही खाल्ली नाही. पुडा तसाच घरी आला आणि दहा वर्षांच्या धाकट्या भावाने एकट्याने फस्त केला. तो अजून सांगतो, आपल्या आयुष्यातली सगळ्यात चांगली कार्तिकी ती. त्याला वाटा द्यावा लागला नव्हता! मी आजवर त्याला त्या पुड्याची हकिकत सांगितली नाही. तो हे वाचेलच.

त्या दुष्काळाने महाराष्ट्राला बरंच शिकवलं. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी योजना त्यातूनच राज्यभर गेली, आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. माणसाला काम मागण्याचा हक्क मिळाला. बैलाचं काम मात्र हळूहळू संपत गेलं. भावाने डाळिंब लावलं, छोटा ट्रॅक्टर घेतला आणि शेवटची जोडी विकली. २०१२च्या पशुगणनेत देशात गायवर्गातले नर ६ कोटी ७९ लाख होते, २०१९ला ४ कोटी ७४ लाख राहिले. मार्च २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. आण्णांचा तो पन्नास रुपयांचा प्रश्न कायद्याने सोडवला म्हणायचा, पण थकलेल्या बैलाला दावणीला चारा कुणी घालायचा, हा प्रश्न शेतकऱ्याकडेच राहिला. दोन्ही बाजू मला पटतात, आणि उत्तर सापडत नाही.

२०२० साली करोनामुळे कार्तिकीला पंढरपुरात संचारबंदी होती, २०२२ला लम्पीमुळे जनावरांचे बाजार बंद. मधल्या खंडानंतर वाखरीच्या पालखी तळावर बाजार भरला, तेव्हा नातवाला घेऊन गेलो होतो. खिल्लार अजून दिमाखात उभं होतं. पण चौकशी जास्त शर्यतीच्या बैलांची. २०१४ साली बंद झालेल्या शर्यतींना सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी दिली, तेव्हापासून त्यांचा भाव चढलाय. नांगराचा बैल कुणी विचारत नव्हतं. नातू मात्र खूश! एका वासराने त्याची बाही चाटली, तर तो तिथून हलेना.

निघताना पाव किलो जिलबी घेतली. गरम होती, पुड्याला तूप सुटलं होतं. यावेळी मी वाटेतच एक कडं खाल्लं, आणि उरलेली भावाकडे नेऊन दिली. घुंगरमाळा त्याच्याच ओसरीवर खुंटीला आहेत. त्याने पुडा सोडत विचारलं, "आज काय विशेष?"

म्हटलं, काही नाही, बाजाराला गेलो होतो.