चिकटणे आणि सांधणे



या स्मृतिव्याख्यानासाठी कोणता विषय घ्यावा, या विचारात असताना अन्नपूर्णा मंदिराच्या रस्त्यावर आपल्याच शाळेतला माझा एक वर्गमित्र भेटला. कमरेला पट्टा, पाऊल जपून टाकीत चाललेला. मणक्यांमधली गादी फाटल्याचे निदान झाले होते. तो म्हणाला, "आता म्हणे फाटलेल्या गादीत सुईने गोंद भरतात आणि ती सांधली जाते. तू इतिहासाचा माणूस आहेस, तरी सांग, हे खरे मानू का?" साठवलेला पैसा आणि उरलेली उमेद, दोन्ही त्या प्रश्नात गुंतली होती. मी वैद्य नव्हे; उपचार सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु शरीराला चिकटद्रव्य लावण्याचा उद्योग माणूस कधीपासून करीत आला आणि त्यातून काय शिकला, हे सांगता येईल. आजचे व्याख्यान म्हणजे त्या मित्राला दिलेले सविस्तर उत्तर आहे.

या इतिहासातले एक ठळक पान आपल्या मराठी मुलखातले आहे. इकडे महेश्वरी अहिल्याबाईंचे राज्य चालू होते, तेव्हाची ही हकीकत. इंग्रज, पेशवे आणि निजाम एका बाजूला व टिपू सुलतान दुसऱ्या बाजूला, असे युद्ध १७९२ साली श्रीरंगपट्टणच्या तहाने संपले. त्या युद्धात इंग्रज फौजेकडे बैल हाकणारा एक मराठा शेतकरी टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. इंग्रजी वृत्तान्तात त्याचे नाव कावसजी असे आले आहे. सुमारे वर्षभर तो नाकावाचून राहिला. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. मुंबईचे शल्यवैद्य क्रूसो आणि फिंडले यांनी ही शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहिली आणि ऑक्टोबर १७९४ च्या 'जंटलमन्स मॅगझीन' या लंडनच्या मासिकात तिचा वृत्तान्त चित्रासह प्रसिद्ध झाला.

ही शस्त्रक्रिया वैद्यकाच्या इतिहासात सुप्रसिद्ध आहे. तरी तिच्यातील एका तपशिलाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून माप घेतले, ते माप कपाळावर आखले आणि तेवढी कातडी सोडवली. मात्र भुवयांच्या मध्ये तिचा एक पट्टा जोडलेला ठेवला. मग ती पिळून खाली आणली आणि नाकाच्या थोटकाभोवती घेतलेल्या छेदात तिच्या कडा बसवल्या. ही जोडणी पक्की करण्यासाठी वापरला तो कात. सराफ्यातला पानवाला पानाला लावतो तोच, खैराच्या झाडाचा कात. पाण्यात मऊ करून तो कापडाच्या पट्ट्यांवर पसरला आणि अशा पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवल्या. चार दिवस दुसरी कोणतीही मलमपट्टी नव्हती. त्यानंतर कात काढून टाकला आणि तुपात भिजवलेली कापडे ठेवली. कपाळाशी जोडलेला पट्टा मात्र पंचविसाव्या दिवसापर्यंत कापला नाही.

सुश्रुतसंहितेतल्या आठ शस्त्रकर्मांत शिवणे हे एक आहे, तेव्हा टाक्यांची विद्या या देशाला नवी नव्हती. तरीही या कारागिराने कात वापरला आणि तो चौथ्या दिवशी निश्चिंतपणे काढला. कातातले टॅनिन प्रथिनांना आवळून घट्ट करते, एवढे आज आपण जाणतो. त्याला टॅनिन हा शब्द ठाऊक नव्हता, पण एक गोष्ट पक्की ठाऊक असली पाहिजे: कात फक्त धरून ठेवतो, सांधते ती रक्त खेळणारी कातडी. म्हणून चिकटद्रव्य चार दिवसांत गेले, तरी रक्त आणणारा पट्टा पंचवीस दिवस राहिला. हाच वृत्तान्त वाचून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि युरोपात या विद्येचा प्रसार झाला. त्या पुणेकर कारागिराचे नाव मात्र वृत्तान्तात कोणी लिहून ठेवले नाही.

विसाव्या शतकात शास्त्रज्ञांनी शरीराच्या आतल्या चिकटद्रव्याकडे वळून पाहिले. जखमेवर खपली धरते ती फायब्रिन नावाच्या तंतूंमुळे. रक्तातले फायब्रिनोजेन आणि थ्रॉम्बिन एकत्र आले की हे तंतू तयार होतात. १९०९ साली बर्गेल यांनी फायब्रिनची भुकटी रक्त थांबवण्यासाठी वापरली. १९४० साली यंग आणि मेडावार यांनी तुटलेल्या मज्जातंतूंची टोके फायब्रिनने जोडण्याचे प्रयोग केले. हेच मेडावार पुढे १९६० च्या नोबेल पुरस्काराचे मानकरी ठरले. व्हिएन्नाच्या हेलेन मात्रास यांनी १९७२ पासून दाट फायब्रिनोजेन वापरून ही पद्धत पुन्हा उभी केली. परंतु अनेकांच्या रक्तापासून केलेल्या या द्रव्यातून कावीळ पसरण्याचा धोका दिसला आणि अमेरिकेने १९७० च्या दशकाच्या अखेरीस फायब्रिनोजेनचा परवाना काढून घेतला. शुद्धीकरणाची खात्री पटल्यावर १९९८ साली तेथे फायब्रिनच्या गोंदाला मान्यता मिळाली. आज हृदयाच्या, यकृताच्या आणि मेंदूच्या शस्त्रक्रियांत तो वापरला जातो. मज्जारज्जूच्या आवरणाला छिद्र पडले तर ते बुजवण्यासही शल्यवैद्य त्याची मदत घेतात.

आता मित्राच्या दुखण्याकडे येतो. आपल्या कण्यात अशा २३ गाद्या आहेत. प्रत्येकीच्या मध्यभागी मऊ, पाणीदार गाभा असतो आणि त्याभोवती चिवट तंतूंचे कडे असते. कडे फाटून गाभा बाहेर आला आणि शेजारच्या मज्जातंतूवर दाबला, की कळ थेट पायात उतरते. आज सर्वांना ठाऊक असलेली ही गोष्ट वैद्यकाला फार उशिरा उमगली. इंदूरची वैद्यकीय शाळा १८७८ साली सुरू झाली. तिच्या पहिल्या अर्धशतकात बाहेर पडलेल्या डॉक्टरांनाच काय, लंडन-बोस्टनच्या डॉक्टरांनाही हे कारण नीट शिकवले गेलेले नव्हते. बाहेर आलेला तुकडा पुष्कळदा गाठ समजून काढला जाई. बोस्टनच्या मिक्स्टर आणि बार यांनी १९३४ साली आपला निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा खरा उलगडा सर्वमान्य झाला. तेव्हापासून शल्यवैद्य मज्जातंतूवरचा तुकडा काढून रुग्णाला कळांतून सोडवतात. पण कड्याला पडलेले भोक तसेच राहते.

ते भोक गोंदाने बुजवावे, हा विचार त्यामुळेच पुढे आला आणि तो मुळीच हास्यास्पद नाही. अडचण आहे ती जागेची. प्रौढ माणसाच्या गादीत, बाहेरची कड सोडली तर, रक्तवाहिन्या नसतात. तिचे पोषण वरच्या-खालच्या मणक्यांमधून थेंबाथेंबाने झिरपत येते. कावसजीच्या नव्या नाकाला जे रक्त मिळाले ते येथे नाही. शिवाय या जागी विश्रांतीही नाही. स्वीडनच्या आल्फ नाखेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या गादीत सुई घालून दाब मोजला, तेव्हा तो उभे राहण्यापेक्षा बसल्यावर अधिक आणि पुढे वाकल्यावर त्याहूनही अधिक भरला. जेथे धरून ठेवणेच कठीण आणि सांधणारे रक्तही नाही, तेथे गोंदाची खरी परीक्षा असते.

ही परीक्षा अजून पुरी झालेली नाही. फाटलेल्या गादीत फायब्रिन भरल्यावर वेदना कमी झाल्याचा एक अनुभव २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झाला. पण ते रुग्ण १५ होते आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. गादीच्या दुरुस्तीसाठी म्हणून या गोंदाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मान्यता नाही. तेथे जे डॉक्टर तो असा वापरतात ते स्वतःच्या जबाबदारीवर. २०२० साली मेंढ्यांवरचे एक संशोधन प्रसिद्ध झाले. त्यात 'ब-२' जीवनसत्त्वाच्या साह्याने घट्ट केलेल्या कोलॅजेनने कड्याचे भोक बुजवले होते आणि गाभ्याची भर हायलुरोनिक आम्लाने केली होती. ते आशादायक वाटते. परंतु मेंढीपासून माणसापर्यंतची वाट लांबची असते.

येथे एक जुनी आठवण सावध करते. पपईच्या चिकातले पाचक द्रव्य गादीत टोचून गाभा विरघळवण्याचा उपाय लायमन स्मिथ यांनी १९६३ साली माणसावर केला. १९८२ साली त्याला अमेरिकेत मान्यताही मिळाली. अनेकांना गुण आला. थोड्यांना जिवावर बेतणारी ॲलर्जी झाली, काहींच्या मज्जारज्जूला इजा पोहोचली आणि २००३ पर्यंत त्याची तेथील विक्री थांबली. निसर्गातले द्रव्य, सोपी सुई आणि बरे झालेल्यांच्या कहाण्या, एवढ्यावर कोणताही उपाय सिद्ध होत नाही. पाठदुखीत तर फारच जपून बोलावे लागते, कारण पुष्कळांचे दुखणे काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि बाहेर आलेला तुकडाही कित्येकदा शरीरच हळूहळू जिरवून टाकते. मग श्रेय गोंदाला द्यावे की काळाला, हे तुलना केल्याशिवाय कळणार कसे?

मित्राला मी एवढेच सांगितले: "गोंद किती दिवस धरतो हे विचार, पण त्याखाली सांधणारे काय आहे तेही विचार. ज्यांना गोंद दिला नाही त्यांचे काय झाले, हे सांगणाऱ्या डॉक्टरावर विश्वास ठेव. आणि पायातली शक्ती जाऊ लागली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर इतिहासाच्या माणसाला विचारीत बसू नकोस. तडक रुग्णालयात जा." त्याने पट्टा सारखा केला आणि म्हणाला, "म्हणजे थांबायचे." मी म्हटले, "विचारून मग ठरवायचे."

दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्याच्या त्या अनाम कारागिराला आपल्या चिकटद्रव्याची मर्यादा ठाऊक होती, म्हणूनच चौथ्या दिवशी तो कात काढू शकला. ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण येथे जमतो, त्यांनीही आपल्याला धरून ठेवले ते शाळेच्या काही वर्षांपुरतेच. पुढे जे सांधले गेले ते ज्याचे त्याने सांधले.