स्वराची जागा

नेसरीहून एसटीनं गडहिंग्लजला जाऊन आम्ही पाचजणी लघुलेखन शिकलो. व्यंजनांच्या रेघा महिन्याभरात हाताखाली आल्या. अडलो ते स्वरांपाशी. भरभर लिहिणाऱ्यांना स्वरांनी पूर्वीही असंच अडवलेलं आहे.

घरच्या ट्रंकेतली जुनी मोडी खरेदीखतं आठवा. आधी शिरोरेघ ओढून घ्यायची आणि बोरू फारसा न उचलता अक्षरं तिच्याखाली लिहीत जायचं. मोडीत इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद नाही. 'दिन' आणि 'दीन' एकसारखेच दिसतात. कुठं दिवस नि कुठं गरीब, ते वाचणाऱ्यानं मागच्यापुढच्या शब्दांवरून ओळखायचं. बाळाजी आवजी चिटणिसांनी महाराजांना कोऱ्या कागदावरून अख्खं पत्र वाचून दाखवलं, अशी गोष्ट सांगतात. परीक्षेला जाताना आम्हाला तिचा फार आधार वाटायचा!

इंग्लंडात आयझॅक पिटमन यांनी 1837 साली आपली लघुलिपी छापली. व्यंजनाला रेघ, स्वराला ठिपका किंवा बारकी रेघोटी. ठिपका रेघेच्या सुरुवातीला, मध्यावर की शेवटी, यावरून स्वर कळतो. उभ्या रेघेच्या डावीकडे दिला तर स्वर व्यंजनाच्या आधी, उजवीकडे दिला तर नंतर. पण बोलणारा थांबतो थोडाच? ठिपके द्यायला सवड नसते. म्हणून शब्दातला पहिला स्वर पाहून अख्खा शब्दच वहीच्या ओळीच्या वर, ओळीवर किंवा ओळीला छेदून लिहायचा. 'आ' असेल तर वर, 'ए' किंवा 'ओ' असेल तर ओळीवर, 'ई' किंवा 'ऊ' असेल तर छेदून. स्वर गाळला तरी त्याची जागा शिल्लक राहते.

मराठीच्या सरावात आम्ही हाच नियम धरला होता. एकदा बाईंनी एक अर्ज सांगितला : "लग्नातली पेटी सासरी राहिली, ती परत मिळावी." आमच्यातल्या एकीचा हात घाईत थोडा वर गेला आणि वाचताना पेटीची 'पाटी' झाली. शेणाची पाटी आठवून आम्ही पोट धरून हसलो. बाई हसल्या नाहीत. "उद्या कोर्टात असंच टाईप केलंत तर त्या बाईला काय परत मिळेल?" एवढंच त्यांनी विचारलं.

पेटीत काय असतं ते आपल्याला ठाऊक आहे. त्या संध्याकाळी शेवटच्या एसटीत आम्ही मांडीवर वही धरून पाटी, पेटी, पाटी, पेटी लिहीत आलो. गाडी खड्ड्यात आदळायची, शब्द ओळ सोडायचा. खोडून पुन्हा लिहायचो.