मालगुजारी व वर्गसिद्धांत

मालगुजारी : गावाचा सारा सरकारात भरण्याची जबाबदारी आणि गावाची मालकी मालगुजाराकडे सोपवणारी जुन्या मध्य प्रांतातील जमीनधारा पद्धत. माल म्हणजे सारा. तो गुजारणारा, म्हणजे भरणारा, तो मालगुजार. पांढुर्णा-सौंसरचा मराठी पट्टा नागपूरकर भोसल्यांचा मुलूख होता. १८५४ मध्ये तो इंग्रजांनी खालसा केला व १८६१ मध्ये मध्य प्रांतात घातला. भोसल्यांच्या अमदानीत पाटील सारा वसूल करी, पण गाव विकू शकत नसे. १८६०च्या दशकातील बंदोबस्ताने त्याला मालक केले. मग गावे गहाण पडू लागली आणि सावकारांच्या नावावर चढू लागली.

वर्ग बाजारातून वा कारखान्यातून जन्मतो, या समजाला हा पट्टा अपवाद आहे. इथला वरचा वर्ग सरकारी कागदाने घडवला. मार्क्सने १८५३च्या लेखांत जमीनदारी व रयतवारीला घृणास्पद म्हटले, तरी त्यांतून जमिनीची खासगी मालकी आली, हे महत्त्वाचे मानले. वेबरने वर्ग आणि प्रतिष्ठा वेगळ्या धरल्या. गाव हातचे गेले तरी मालगुजाराच्या वाड्याचा मान लगेच जात नसे, हे त्याच्या चौकटीत नीट बसते. पण कूळ, सालदार (वर्षाच्या करारावरचा शेतगडी) आणि कोतवार (गावचा राखणदार) यांच्यातल्या उतरंडीला दोघेही अपुरे पडतात. तिथे आंबेडकरांचाच आधार घ्यावा लागतो : जात म्हणजे बंदिस्त वर्ग (१९१६), आणि जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची नव्हे, श्रमिकांचीही विभागणी (१९३६). सावकार आणि कारकून मिळून कुणब्याला कसे नागवतात, हे फुल्यांनी त्याआधीच ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये (१८८३) मांडले होते.

मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. गावावरचा हक्क गेला, पण सीर आणि खुदकाश्त, म्हणजे घरची जमीन, मालगुजाराकडेच राहिली. बहुधा हीच जमीन गावात उत्तम असे.

याच पट्ट्यात संत्र्याच्या बागांनी विषमतेला दुसरे रूप दिले. कलम लावल्यावर फळ धरायला चार-पाच वर्षे जातात. तोवर विहीर, खत आणि राखण यांचा खर्च चालूच असतो. तेवढी वाट पाहू शकतो तोच बागायतदार होतो. कोरडवाहू कापूसवाल्याला पुढच्याच हंगामाचे पैसे हवे असतात. फळ झाडावर असतानाच बाग व्यापाऱ्याला विकायची रीत आहे. व्यापारी ओळीओळीने फिरून झाडांवरचा माल अंदाजतो, भाव ठरतो, विसार दिला जातो. पुढे गारपीट झाली की सौद्याची घासाघीस नव्याने सुरू होते. मालकी एकाची आणि बाजार दुसऱ्याच्या हातात : वर्ग बाजारातल्या स्थानावरून ठरतो, ही वेबरची कल्पना इथे धुऱ्यावर उभे राहून पाहता येते. सालदाराचे साल मात्र जुन्या रिवाजाने गुढीपाडव्याला ठरते.