कोण येतंय?

6 सप्टेंबर 1939ची सकाळ. तुम्ही इंग्लंडमध्ये, सफोकमधल्या एका शेताच्या कडेला उभे आहात. जर्मनीविरुद्ध युद्ध जाहीर होऊन तीनच दिवस झालेत. शत्रूचं विमान आल्याची खबर आली आहे आणि ती खरी की खोटी हे पाहायला नॉर्थ वील्डच्या तळावरून हरिकेन लढाऊ विमानं उडाली आहेत. पण किनाऱ्यावरच्या रडारवर त्यांचीही नोंद शत्रू म्हणूनच झाली. त्यांना रोखायला हॉर्नचर्चहून स्पिटफायर विमानं झेपावली.

तुमच्या डोक्यावर ब्रिटिश विमानं ब्रिटिश विमानांवर गोळ्या झाडतात. दोन हरिकेन कोसळतात. माँटेग्यू हल्टन-हॅरप हा तरुण वैमानिक ठार होतो. त्या सकाळी तिथे एकही जर्मन विमान आलेलं नव्हतं.

विमानं आहेत, हे यंत्राने बरोबर सांगितलं होतं. ती कोणाची, इथे घात झाला. त्या काळच्या रडारचे मनोरे समुद्राकडे तोंड करून उभे असत, पण मागे जमिनीवर उडणाऱ्या विमानांचे प्रतिध्वनीही त्यांच्यापर्यंत पोचत. पुढचं-मागचं वेगळं करता आलं नाही, तर आपल्याच तळावरून उठलेलं विमान समुद्रावरून चाल करून येताना दिसतं.

आता वर्षभर पुढे चला. रविवार, 18 ऑगस्ट 1940, दुपार. ससेक्समधलं पोलिंग इथलं रडार ठाणं. बाहेर लहरी सोडणारे 360 फुटी पोलादी मनोरे आणि परतलेल्या लहरी टिपणारे 240 फुटी लाकडी मनोरे आहेत. अंधाऱ्या खोलीत शिरा. काचेच्या पडद्यावर एक आडवी, थरथरती रेष दिसते. तिच्यात कुठे खाली खाच पडली, की तिथे विमान आहे. खाच किती लांब पडली त्यावरून अंतर कळतं. मग ऑपरेटर मुलगी दिशा शोधणाऱ्या गोनिओमीटरची मूठ फिरवते. खाच दिसेनाशी झाली, की दिशा सापडली. खाच कशी फडफडते यावरून विमानं किती असतील याचा अंदाज बांधायचा, तो मात्र सरावानेच जमतो.

तुम्ही तिच्या मागे उभे राहून विचारता, ‘आपलं की त्यांचं?’ ती नजर हलवत नाही. आपल्या विमानांत आता एक छोटं यंत्र बसवू लागलेत. रडारची लहर आली की ते उत्तर देतं आणि खाच ठरावीक वेळाने फुगते. ही खाच फुगत नाही. तरी निकाल ती एकटी देत नाही. तिचे आकडे फोनवरून लंडनजवळच्या स्टॅनमोरला, बेंटली प्रायरी या मुख्यालयाच्या तळघरात जातात. तिथे मोठ्या नकाशाच्या टेबलाभोवती उभ्या मुली शेजारशेजारच्या ठाण्यांचे आकडे ताडून पाहतात. आपली कोणती विमानं कुठे आहेत हेही तपासतात. मग शिक्का बसतो: आपलं, शत्रूचं किंवा एक्स. एक्स म्हणजे अजून ठरलेलं नाही. हे स्पष्टपणे मान्य करायची सोय हेच या व्यवस्थेचं मोठं शहाणपण. खात्री नसताना शत्रू म्हटलं, की हल्टन-हॅरपसारखा कोणीतरी मरतो. खात्री नसताना आपलं म्हटलं, की शहर उघडं पडतं.

अडीचच्या सुमारास स्टुका ही जर्मन बॉम्बफेकी विमानं येतात, आणि या वेळी त्यांचा नेम तुम्ही उभे आहात त्या ठाण्यावरच आहे. जमीन हादरते, भिंती डोलतात. फोनवर कॉर्पोरल अ‍ॅव्हिस हर्न आहे. शेजारच्या ठाण्याकडून आलेले आकडे ती स्टॅनमोरला सांगत राहते, बाहेर बॉम्ब पडत असतानाही. त्यातली विमानं आपल्याच माथ्यावर आहेत, हे तिला त्या आकड्यांवरूनच कळतंय. या धैर्यासाठी तिला पुढे मिलिटरी मेडल मिळालं.

आज विमान स्वतःहून आपला क्रमांक आणि उंची कळवतं. पण एखादं विमान गप्प राहिलं, की नियंत्रण कक्षात पुन्हा तोच प्रश्न उभा राहतो, आणि लढाऊ विमान उठवायचं का हे माणसालाच ठरवावं लागतं. म्हणून हवाई संरक्षणाची ताकद फक्त मनोऱ्यांच्या उंचीवर मोजू नये. अर्धवट माहितीला अर्धवटच म्हणणारी आणि जीव धोक्यात असतानाही आकडा न चुकवणारी माणसं त्या साखळीत आहेत का, हे आधी पाहावं.