राजम्माची शांता : एका आत्मचरित्राची पहिली पानं

शांता हुबळीकर यांचं 'कशाला उद्याची बात' आमच्या मंडळात वाचायला घेतलं, तेव्हा पहिल्याच बैठकीत एकानं विचारलं, "ही बाई आपली की त्यांची?" मच्छ्यात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. उत्तर शोधायला मी पुस्तकाची सुरुवातच परत वाचली.

'माणूस'मधली मैना सगळ्यांना माहीत आहे. प्रभातचा १९३९ चा चित्रपट, दिग्दर्शक व्ही. शांताराम, नायक शाहू मोडक. अनंत काणेकरांच्या शब्दांना मास्टर कृष्णरावांची चाल, आणि त्याच गाण्यावरून पुस्तकाचं नाव. पण मैना होण्याआधीची राजम्मा कुणाला आठवत नाही. जन्म १९१४ चा, हुबळीजवळच्या अदरगुंचीचा. आईबाप लहानपणीच गेले, आजीनं वाढवलं. गाणं हुबळीतच शिकली, किराणा घराण्याचं. मग नको असलेलं लग्न समोर आलं आणि पोरीनं घरच सोडलं. गेली कुठं, तर गुब्बी वीरण्णांच्या नाटक कंपनीत. म्हणजे मराठी पडद्यावरच्या या नटीचं पहिलं शिक्षण कानडी रंगभूमीवर झालं.

आज हे आपल्याला नवल वाटतं, त्या वेळी वाटलं नसावं. धारवाड, बेळगाव, विजापूर, कारवार हे जिल्हे तेव्हा मुंबई इलाख्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला ते म्हैसूर राज्यात गेले. हुबळी, लोंढा, बेळगाव, मिरज अशी रेल्वे होती, आणि नाटकवाले, गवई तिच्यावरून ये-जा करायचे. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. कुंदगोळचे सवाई गंधर्व मराठी रंगभूमीवर गाजले. बालगंधर्वांबरोबर उभ्या राहिलेल्या गोहरबाई कर्नाटकी विजापूरकडच्या. राजम्मा त्याच वाटेनं निघाली एवढंच. फरक असा की पुरुषांना ही वाट मानाची होती. अनाथ मुलीला ती पळून जाऊन धरावी लागली.

आता पुस्तकावर किती विसंबायचं? ते १९९० साली आलं, म्हणजे बाईंनी पंचाहत्तरी ओलांडल्यावर. साठ वर्षांपूर्वीचा क्रम माणसाला नीट आठवत नाही. माझ्या आज्जीला आपल्याच पोरांच्या वाढदिवसांचा घोळ व्हायचा की! म्हणून तारखांसाठी मी चित्रपटांच्या याद्याच जवळ ठेवतो : १९३७ 'कान्होपात्रा', १९३८ 'माझा मुलगा', मग 'माणूस'. पण भीती कसली होती, घर सोडताना काय वाटलं, हे यादीत सापडत नाही.

हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' शेजारी ठेवलं तर आणखी एक गोष्ट दिसते. तेही नाव त्यांच्या गाजलेल्या चित्रपटाचं. तो १९५९ चा, पुस्तक १९७० चं, आणि शब्दांकन अरुण साधूंचं. दोघींच्याही आयुष्यावर दुसऱ्यानं लिहिलेल्या शब्दांचं नाव लागलं. प्रकाशकांना दोष देत नाही, त्या नावांनीच पुस्तकं खपली असणार. तरी मला ते खटकतं. राजम्मा हे नाव मुखपृष्ठावर यायला काय हरकत होती?

आणि 'हुबळीकर'? घर सोडलं त्या गावालाच '-कर' लावून, मराठी रीतीनं, ती आयुष्यभर मिरवली. नावात गाव कानडी मुलखातलं, प्रत्यय मराठी. माझ्या बैठकीतल्या मित्राला मी हेच दाखवलं. तो म्हणाला, "मग अर्धी-अर्धी म्हणा." हे मला पटलं नाही. 'माणूस'नंतर तीन वर्षांनी, १९४२ मध्ये, वीरण्णांच्या 'जीवन नाटक' या कानडी बोलपटात तीच नायिका होती. पुण्यात नाव कमावून ती पुन्हा पहिल्या मालकाच्या चित्रपटात उभी राहिली, तेव्हा 'माणूस'मधलं गाणं मराठी घरांत चालूच होतं.

पुढच्या बैठकीला ज्यांच्या घरी जुनी नाटकाची हँडबिलं असतील, कानडी असोत की मराठी, त्यांनी ती घेऊन यावीत. हुबळीच्या कंपन्या बेळगावात उतरायच्या त्या काळातली असली तर फारच बरं.