चित्रसृष्टि आणि लोकवर्गणी

कला जुनी असो वा नवी, तिच्या दारांत पहिला प्रश्न उभा राहतो तो पैशाचा. नागपूरजवळच्या खापरखेड्यांत, वीजकेंद्राच्या धुरांड्यांच्या आसमंतांत वाढलेल्या एखाद्या तरुण चित्रकारानें ताऱ्यांच्या प्रवासाची कथा हलत्या चित्रांतून सांगावयाचें मनांत आणलें, तर संगणक त्याला मिळूं शकेल आणि वीज तर दाराशींच आहे. पण वर्ष-दोन वर्षें पोटाला काय घालावयाचें व सहकाऱ्यांचें वेतन कोठून द्यावयाचें, याचें उत्तर त्याला सहजासहजीं सांपडणार नाहीं. मोठ्या चित्रसंस्थेच्या आश्रयावांचून, लोकांकडून थोडें थोडें धन गोळा करून चित्रपट काढण्याची जी पद्धति अलीकडे जगांत रूढ झाली आहे, ती याच अडचणींतून जन्मली. ही परदेशांतून आलेली नवलाई होय, असा सर्वसाधारण समज आहे. महाराष्ट्राचा इतिहास मात्र निराळी साक्ष देतो.

वर्गणी ही महाराष्ट्राच्या अंगवळणीं पडलेली गोष्ट आहे. सार्वजनिक गणेशोत्सव वर्गणीवर उभा राहिला. अंताजी दामोदर काळे यांच्या खटपटीनें निघालेल्या पैसा फंडानें लोकांकडून पैसा पैसा जमवून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचेचा कारखाना काढला. धनिकांची वाट न पाहतां सामान्य माणसाच्या खिशांतून उद्योग उभारतां येतो, हा धडा त्या काळीं घरोघर पोंचला होता. त्याच काळांत हिंदी चित्रपटाचा जन्म व्हावा, हा मोठा चमत्कारिक योग होय. कारण त्या जन्माची कथा म्हणजे मुख्यतः पैशाच्या शोधाची कथा आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांनीं १९११ सालीं मुंबईंत ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला आणि आपल्या देवांच्या कथा अशाच पडद्यावर आणावयाच्या, असा निश्चय केला. आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढून ते १९१२ च्या आरंभीं लंडनला गेले. तेथें त्यांनीं या कलेची तोंडओळख करून घेतली, विल्यमसन कंपनीचा कॅमेरा विकत घेतला आणि ते परत आले. यंत्र आलें, विद्या आली. भांडवल मात्र आलें नाहीं. ज्यानें कधीं हिंदी चित्रपट पाहिलाच नाहीं, त्या सावकारानें त्यावर कर्ज द्यावें कसें?

फाळके यांनीं या प्रश्नावर शोधलेला उपाय फार मार्मिक होता. त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा बसविला आणि जवळजवळ महिनाभर थोड्या थोड्या वेळानें एकेक चौकट टिपली. पडद्यावर पाहतांना तें रोप मिनिटाभरांत अंकुरून वर चढूं लागे! हा चिमुकला पट पाहून यशवंतराव नाडकर्णी यांच्यासारख्या परिचितांनीं कर्ज देऊं केलें. तें अर्थातच तारणावर होतें. सरस्वतीबाई फाळके यांनीं आपले दागिने दिले, इतकेंच नव्हे तर फिल्मला भोकें पाडणें, ती धुणें, आणि चित्रणासाठीं जमलेल्या साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करणें, हींहि कामें पत्करलीं. दादरचें राहतें घर हीच चित्रशाळा झाली. ३ मे १९१३ रोजीं गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला.

येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. वाटाण्याचें रोप वाढतांना दाखविण्याची युक्ति आणि आजच्या ॲनिमेशनची युक्ति मुळांत एकच आहे. निर्जीव वस्तु किंवा रेखाचित्र एकेका चौकटीनें किंचित् पुढें सरकवावयाचें, आणि त्या चौकटी वेगानें दाखवून डोळ्याला गतीचा भास करून द्यावयाचा. फाळके यांनीं पुढें याच रीतीनें आगकाड्यांना नाचविलें आणि 'आगकाड्यांची मौज' हा लघुपट केला. हिंदुस्थानांतील ॲनिमेशनचा आरंभ कोणत्याहि कंपनीच्या दालनांत झाला नाहीं. एका कर्जबाजारी गृहस्थाच्या उद्योगांतून झाला. १९३४ सालीं पुण्याच्या प्रभात कंपनीनें 'जंबूकाका' हा व्यंगपट काढला, तेव्हां त्यामागें एका भरभराटलेल्या संस्थेचें बळ होतें. फाळके यांच्यामागें तसें कांहींच नव्हतें.

त्याचा परिणाम महायुद्धाच्या काळांत दिसून आला. १९१४ सालीं ते आपले चित्रपट घेऊन पुन्हां लंडनला गेले. तेथेंच राहून चित्रपट काढण्याचें आमंत्रण त्यांना मिळालें; पण हा धंदा स्वदेशांतच रुजला पाहिजे म्हणून त्यांनीं तें नाकारलें. परत येतात तों युद्ध पेटलेलें, भांडवलवाल्यांनीं हात आखडलेला! त्यांनीं संस्थानिकांपुढें खेळ करून साह्य मिळविलें आणि होमरूल चळवळीच्या सभासदांनीं थोडी थोडी रक्कम कर्जाऊ द्यावी, असें जाहीर आवाहनहि केलें. लोकांच्या बळावर चित्रपट काढण्याचा हा प्रयत्न होता. परंतु त्याला अपेक्षित प्रतिसाद मिळाला नाहीं. कांचेच्या कारखान्याला पैसा देणारा महाराष्ट्र पडद्यावरील छायेला पैसा देण्यास अद्याप तयार झाला नव्हता.

मग उरला तो भागीदारीचा मार्ग. 'लंकादहन' या १९१७ सालच्या चित्रपटाला अपूर्व यश मिळालें, आणि १९१८ सालीं धनिक भागीदारांसह नाशकांत हिंदुस्थान फिल्म कंपनी स्थापन झाली. पैशाची चिंता मिटली. पण हुकूम कोणाचा, हा तंटा सुरू झाला. थोड्याच काळांत फाळके राजीनामा देऊन काशीस निघून गेले. पुढें ते परत आले, चित्रपटहि काढले. परंतु पूर्वीची सत्ता त्यांना पुन्हां लाभली नाहीं. १६ फेब्रुवारी १९४४ रोजीं नाशिक येथें त्यांचें निधन झालें, तें विपन्नावस्थेंतच. ज्याचा पैसा त्याची आज्ञा, हा व्यवहाराचा नियम. आणि हा नियम कलावंताला किती जड जातो, याचें याहून ठळक उदाहरण दुसरें नाहीं.

फाळके यांचें आवाहन ज्या अर्थानें निष्फळ ठरलें, त्याच अर्थानें तें साठ वर्षांनीं शेजारच्या गुजरातेंत सफळ झालें. १९७६ सालीं श्याम बेनेगल यांच्या 'मंथन' चित्रपटासाठीं दुग्ध-सहकारी संघांच्या पांच लक्ष शेतकऱ्यांनीं प्रत्येकीं दोन रुपये दिले. पटकथा विजय तेंडुलकर यांची होती. पैसा देणारा आणि पाहणारा एकच झाल्यामुळें गांवोगांवचे शेतकरी आपला चित्रपट म्हणून तो पाहावयास लोटले. पांच लक्ष मालक असले म्हणजे दिग्दर्शकाच्या खुर्चीमागें उभा राहून हुकूम सोडणारा एकहि मालक उरत नाहीं, हें या प्रयोगाचें मर्म होय.

ज्या जपानांत ॲनिमेशनचा उद्योग सर्वांत अधिक फोफावला, तेथेंहि हाच प्रश्न निराळ्या रूपानें उभा राहिला. तेथील 'ॲनिमे' बहुधा निर्मिति-समितीच्या पैशावर निघते. प्रकाशक, खेळणीं विकणारे, दूरचित्रवाणी व संगीत कंपन्या मिळून भांडवल घालतात व हक्कहि आपल्याकडे ठेवतात. चित्रें काढणाऱ्या संस्थेच्या वांट्याला बहुधा मजुरी येते. खर्च तर डोळे दिपविणारा! सेकंदाला २४ चौकटी धरल्या, तर पंचवीस मिनिटांच्या पटाला ३६,००० चौकटी लागतात. तीन चौकटींस एकच चित्र वापरलें, तरी १२,००० चित्रें हवींत.

माकोतो शिंकाई यांनीं २००२ सालीं या चाकोरीबाहेरचा एक मार्ग दाखविला. नोकरी सोडून, घरच्या संगणकावर त्यांनीं जवळजवळ एकहातीं पंचवीस मिनिटांची विज्ञानकथा तयार केली. पृथ्वीपासून दूर दूर जाणाऱ्या एका मुलीचे संदेश तिच्या मित्राला पोंचावयास वर्षांमागून वर्षें लागतात, असें तिचें कथानक होतें. दुसरा मार्ग लोकवर्गणीचा. २०१४ सालीं 'अंडर द डॉग' या विज्ञानकथेसाठीं किकस्टार्टर या आंतरजालावरील व्यवस्थेंतून देशोदेशींच्या बारा हजारांहून अधिक लोकांनीं आठ लक्ष सत्तर हजारांहून अधिक डॉलर दिले. दिग्दर्शक मासाहिरो आंदो होते. इतका पैसा जमूनहि हातीं आला तो सुमारें अर्ध्या तासाचा पट, आणि तोहि २०१६ सालीं.

यांतून लोकवर्गणीच्या मर्यादाहि कळतात. सावकार तारण मागतो, भागीदार सत्ता मागतो. वर्गणीदार यांपैकीं कांहींच मागत नाहीं, फक्त विश्वास टाकतो. म्हणून त्याच्यापुढें आधीं वाटाण्याच्या रोपासारखा लहानसा पण खरा नमुना ठेवला पाहिजे. गोळा झालेल्या रकमेंत जेवढें होण्यासारखें असेल, तेवढेंच वचन दिलें पाहिजे. काम लांबलें तर तें झांकून न ठेवतां सांगितलें पाहिजे, आणि पै-पैचा हिशेब उघडा ठेवला पाहिजे. फाळके यांच्याजवळ बुद्धि होती, धाडस होतें, जिवाभावाची साथ होती. हजारों हातांपर्यंत पोंचण्याचें साधन तेवढें नव्हतें. तें साधन आज उपलब्ध झालें आहे. त्याचा उपयोग कलेचें स्वातंत्र्य राखण्याकडे होतो कीं नुसती उधारी वाढविण्याकडे, हें साधनावर अवलंबून नाहीं. घेणाऱ्याच्या सचोटीवर आणि देणाऱ्याच्या रसिकतेवर अवलंबून आहे.